अँटी-स्पायवेअरला पैसे भरून नेमकं पदरात काय पडतं?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. घरी एक साधा डेस्कटॉप आहे, विंडोज १०. माझं जीएसटीचं किरकोळ काम, सौ.च्या शिकवणीचे पेपर आणि चिरंजीवांची (इयत्ता दहावी) तथाकथित प्रोजेक्टं, असा तिघांत मिळून वापरतो. गेल्या दिवाळीत नव्या पेठेतल्या एका दुकानातून तीन वर्षांचं अँटी-व्हायरस घेतलं, डब्यावर मोठ्या अक्षरात 'अँटी-स्पायवेअरसह' (म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअरपण पकडणार) लिहिलेलं, म्हणून जरा जास्तीचे पैसे दिले.

आता गेले पंधरा दिवस उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकोन टुणकन वर येतो. 'तुमच्या कॉम्प्युटरवर ५ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा.' दर दहा मिनिटाला. आणि क्रोम उघडलं की गूगलच्या जागी कसलंतरी भलतंच सर्चचं पान. अँटी-व्हायरस उघडून बघितलं तर तिथं हिरवीगार टिकमार्क, तुम्ही सुरक्षित आहात म्हणे. फुल स्कॅन लावला, चार तास चालला, मध्येच लाईट गेली, परत लावला, निकाल शून्य.

दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावं लागतंय, पाचशे रुपये. मी म्हटलं मग हे घेतलं कशाला? तर म्हणाला, "साहेब, ते होतं म्हणून एवढ्यावर निभावलं." आता यावर माणूस काय बोलणार.

चिरंजीवांना भरपूर झापून झालंय, गेम उतरवण्याचा नाद आहे त्याला. तो म्हणतो मी काही केलं नाही. ते असो. माझा प्रश्न साधा आहे, घरी वापरणाऱ्या माणसानं या सॉफ्टवेअरकडून काय अपेक्षा ठेवायची? की फक्त मनाच्या समाधानाला घ्यायचं, गाडीला लिंबू-मिरची बांधतो तसं?

कडकभाकरी
पाचशे? आमच्या अशोक चौकात तीनशेत मारतो की ओ. वर चहा पाजतो. (हलके घ्या.)

बाळीवेसचं_माहेर
वाचतेय. आमच्याकडे पण तोच चौकोन येतो, फक्त ७ व्हायरस सांगतो. तुमच्यापेक्षा दोन जास्त.

जुना_मोडेम
शेंगाचटणी, आधी एक सांगा, तो चौकोन येतो त्यावर बारीक अक्षरात कुठल्या साईटचं नाव आणि 'गूगल क्रोम' असं लिहिलेलं असतं का? असेल तर तो व्हायरस नाही आणि स्पायवेअरही नाही. कधीतरी कुणीतरी एखाद्या पानावर 'अलाऊ' दाबलंय, त्या साईटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळालीय, आणि ती जाहिरात विंडोजच्या इशाऱ्यासारखा वेष घालून येते. अँटी-व्हायरसला त्यात फाईल सापडत नाही कारण फाईल नाहीच. परवानगी तुम्ही दिली, ब्राउझर ती पाळतोय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं साईट सेटिंग्ज, तिथं नोटिफिकेशन्स. 'अलाऊड'खाली जी अनोळखी नावं असतील ती सगळी काढून टाका.

सर्चचं पान बदललंय ते मात्र वेगळं दुखणं, ते बहुतेक एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचं काम. एक्स्टेन्शन्सच्या यादीत तुम्ही स्वतः न टाकलेलं काय आहे ते बघा. आणि क्रोमच्या मेनूत अगदी तळाला 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसतं का तेही बघा. घरच्या मशीनवर ऑर्गनायझेशन कुठून आलं? काही अँटी-व्हायरससुद्धा ती ओळ आणतात, पण बऱ्याचदा ते अ‍ॅडवेअरचं, म्हणजे जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम असतं, पॉलिसी (ब्राउझरवर लादलेला नियम) घुसवून ठेवतात म्हणजे एक्स्टेन्शन काढायचं बटणच चालत नाही.

कडकभाकरी
आमच्या घरचं ऑर्गनायझेशन म्हणजे मातोश्री. तिथं पण काढायचं बटण चालत नाही.

स्क्रूड्रायव्हर
मी दुकानवाला आहे त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. फॉरमॅट का सांगतात, तर तपासत बसलं तर दोन तास जातात आणि गिऱ्हाईक दोन तासाचे पैसे देत नाही, "नुसतं बटण तर दाबलं" म्हणतो. फॉरमॅट मारला की तासाभरात मशीन हातात आणि पुढचे सहा महिने तक्रार नाही. बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण धंदा असा चालतो.

लायसन विकतो मीही, कमिशन मिळतं, खोटं कशाला बोलू. पण लोक ते विम्यासारखं घेतात, म्हणजे एकदा घेतलं की आता काहीपण करायला मोकळे. मागच्या महिन्यात एक जण आला, अँटी-व्हायरस बंद करून ठेवलेला, का म्हटलं तर "ते मला फुकटचं डिझाईनचं सॉफ्टवेअर टाकू देईना". अरे बाबा त्याचंच तर काम करत होतं ना ते.

गड्ड्यातला_पाळणा
स्क्रूड्रायव्हर भाऊ तो मी नव्हे, पण माझी गोष्ट सेम टू सेम. कॉलेजच्या फेस्टचा व्हिडिओ करायचा होता, व्हिडिओ एडिटिंगच्या महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक (कुलूप तोडलेली फुकट प्रत) शोधला. झिप फाईल, तिला पासवर्ड, आणि सोबत टेक्स्ट फाईलमध्ये इंग्रजीत सूचना, पहिलीच सूचना 'आधी अँटी-व्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो'. केलं बंद. डबल क्लिक केलं, काळी खिडकी एक सेकंद चमकली आणि गेली. सॉफ्टवेअर काही चालू झालंच नाही. मला वाटलं फाईल खराब असेल, दुसरी शोधत बसलो.

रात्री दोनला इन्स्टावरून माझ्या नावानं सगळ्यांना क्रिप्टोमध्ये पैसे दुप्पट करायचे मेसेज. आमच्या मामाला पण गेला, मामा म्हणतोय, "काय करालास बे? शेअर मार्केटात पडलास काय?" माझं टू-स्टेप चालू होतं तरी आत शिरले. पासवर्ड बदलला, तासाभरात परत तेच. मशीन स्कॅन केलं तेव्हा विंडोजच्या डिफेंडरला सापडलं, काढलं पण, सगळं हिरवं झालं, तरी अकाउंट हातात नाही. हे कसं काय होतं ते मला आजपर्यंत कळलं नाही.

जुना_मोडेम
पाळणा, तू जे चालवलंस त्याला स्टीलर म्हणतात. रेडलाईन नावाचा एक फार गाजलाय, तसे आणखी ढीगभर आहेत. तो बऱ्याचदा मशीनमध्ये राहायला येतच नाही, येतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज गोळा करतो, पाठवून देतो, संपलं, अर्ध्या मिनिटाचं काम. कुकी म्हणजे तू लॉगिन झालेला आहेस याची पावती. ती पावती ज्याच्या हातात, त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण ते सगळं तू आधीच पार पाडलेलं असतं. आणि तू नवा पासवर्ड टाकलास तो त्याच घाण झालेल्या मशीनवरून, तिथं काही मागे राहिलं असेल तर तोही आयताच गेला असणार. असं झालं की दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी 'सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट' करायचं, मग पासवर्ड बदलायचे, ईमेलचा सगळ्यात पहिला.

शेंगाचटणींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे बघा. चोर आत येताना अडवणं ही अपेक्षा रास्त आहे. चोर बाहेर पडल्यावर पहारेकरी घराला कुलूप लावेल, गेलेलं सोनं आणून देणार नाही.

पेन्शनर_७१
माझ्यासारख्या म्हाताऱ्यासाठी हे कुणी मराठीत सांगेल काय? स्पायवेअर वेगळं, व्हायरस वेगळा, अ‍ॅडवेअर वेगळं, मग माझ्याकडे जे आहे ते कशाकशावर चालतं? मी बँकेत होतो, तिथं प्रत्येक खात्याला वेगळं रजिस्टर असायचं.

जुना_मोडेम
काका, पूर्वी खरंच वेगळी रजिस्टरं होती. २००० च्या आसपास अँटी-व्हायरसवाले फक्त व्हायरस पकडायचे. तेव्हा कझासारखं गाणी उतरवायचं सॉफ्टवेअर घेतलं की गेटर नावाचं प्रकरण सोबत फुकट यायचं, तुम्ही काय बघता त्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायचं. त्यांचं म्हणणं, हा व्हायरस नाही, करारात लिहिलंय आणि तुम्ही 'आय अ‍ॅग्री' दाबलंय. त्यामुळे अँटी-व्हायरसवाले हात लावायला बिचकायचे. मग त्यासाठी अ‍ॅड-अवेअर, स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय अशी वेगळी अवजारं आली. मी सात रस्त्याला कॅफे चालवायचो तेव्हा दर शनिवारी रात्री बारा मशीनवर स्पायबॉट लावून घरी जायचो. सकाळी '३४७ समस्या' वगैरे यायच्या, छाती दडपायची. त्यातल्या तीनशेच्या वर नुसत्या ट्रॅकिंग कुकीज असायच्या, पण आकडा मोठा दिसला की काम केल्यासारखं वाटायचं.

डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जायंट नावाची एक छोटी कंपनी विकत घेतली, तिच्या अँटी-स्पायवेअरचंच पुढं विंडोज डिफेंडर झालं. विंडोज व्हिस्टामध्ये ते फक्त स्पायवेअर बघायचं, विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, पूर्ण अँटी-व्हायरस झालं. तेव्हा आता रजिस्टर एकच. डब्यावर 'अँटी-स्पायवेअरसह' लिहून जास्तीचे पैसे घेणं म्हणजे थाळीत 'पाण्यासह' लिहिण्यासारखं आहे.

बाळीवेसचं_माहेर
मग पैसे देऊन घ्यायचंच कशाला? विंडोजबरोबर फुकट आहे ना?

जकार्डवाला
असहमत. फुकट ते फुकटच राहतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं चादरीचं युनिट आहे, ऑफिसात आठ मशीन, पैसे भरून घेतलेलं आहे आणि एकदा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) दारातच धरलं होतं त्यानं. शिवाय कुठल्या मशीनवर काय झालं ते मला एका जागी बसून दिसतं. फोन केला तर मराठीत बोलणारा माणूस मिळतो. घरी तुम्हाला कोण मिळणार?

डिझाईनचा पीसी मात्र वेगळी कथा आहे. जकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची फाईल बनवायचं आमचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या पुढं चालतच नाही, नवीन घ्यायचं तर लाखात जातंय. त्यावर अँटी-व्हायरस टाकला तर एका आठवड्यात त्यानं सॉफ्टवेअरची मुख्य फाईलच व्हायरस समजून क्वारंटाईनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून टाकली, सकाळी कारागीर बोंबलत आला, मोराची डिझाईन अर्ध्यावर आणि माग बंद. अर्धा दिवस गेला. शेवटी त्या पीसीचं इंटरनेट काढून टाकलं. एकच पेनड्राईव्ह, लाल दोरा बांधलेला, तो आधी ऑफिसच्या मशीनवर स्कॅन होतो, मगच तिकडं जातो. दुसरा कुणी पेनड्राईव्ह लावला तर त्याची हजेरी कापतो.

स्क्रूड्रायव्हर
जकार्डशेठ, लाल दोऱ्याची आयडिया भारी आहे, ढापली. निरपराध फाईल पकडण्याचं म्हणाल तर मोठमोठ्यांचं होतं ते. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकअ‍ॅफी अँटी-व्हायरसच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट नावाची फाईलच व्हायरस ठरवली, जगभर मशीन आपोआप बंद-चालू होत राहिली. म्हणून क्वारंटाईनमधलं लगेच डिलीट करायचं नसतं, ते आठ दिवस राहू द्यावं. परत आणता येतं.

फुकट-विकतवर माझं मत: घरी एकदोन मशीन, विंडोज अपडेट होतंय, तर डिफेंडर पुरे. स्वतंत्र प्रयोगशाळा आहेत, एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्हज, त्यांच्या चाचण्यांत ते आता विकतच्यांच्या रांगेत बसतं. माझ्या कमिशनवर पाणी सोडून सांगतोय, याची नोंद घ्यावी.

कडकभाकरी
नोंद घेतली. दुकान कुठाय? चहा पाजता काय?

सिद्धेश्वर_एक्सप्रेस
एक महत्त्वाची अपेक्षा कुणीच लिहिली नाही. पहारेकऱ्यानं स्वतः चोरी करू नये! अ‍ॅव्हास्ट हे अँटी-व्हायरस बघा ना, लोक हेरगिरीपासून वाचायला टाकायचे आणि त्यांचीच एक उपकंपनी होती जम्पशॉट, ती लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीनं (ग्राहकांच्या हक्कांकडे बघणारी सरकारी संस्था) १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकट दिलं की मालक कोण आणि माल कोण ते विचारावं. मी पुण्यात बसतो म्हणून पुण्याच्याच क्विक हीलचं कौतुक करणार नाही, पण तिथंही करार वाचूनच टाका.

आणि 'तुमचा पीसी स्लो आहे, साफ करा' छाप जे फुकट क्लीनर असतात ना, त्यांच्या वाटेला जाऊच नका. विनफिक्सर, स्पायशेरीफ आठवतात का कुणाला? स्वतःच खोटे इशारे दाखवायचे आणि ते घालवायला पैसे मागायचे.

पेन्शनर_७१
त्यावरून सांगतो. मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बाहेर ४३ डिग्री, पंख्याखाली बसून पंचांग शोधत होतो, एकदम पडदा भरून लाल पान आलं, बाई इंग्रजीत ओरडायला लागली, कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा. माऊस हलेना असं मला वाटलं. फोन केला. पलीकडे अत्यंत नम्र माणूस, सर सर करत होता, एवढं सर मला बँकेत पण कुणी म्हटलं नाही. त्यानं एक अ‍ॅप टाकायला सांगितलं, नऊ आकडी नंबर विचारला, आणि माझ्या डोळ्यांसमोर माऊस आपोआप फिरायला लागला. मग म्हणाला नेटबँकिंग उघडा, सर्व्हिस चार्ज ९९ रुपये. तिथं मात्र माझ्यातला कॅशियर जागा झाला. प्लग ओढला सरळ.

माझं अँटी-व्हायरस चालू होतं, पैसे भरलेलं होतं. एक शब्द बोललं नाही ते.

जुना_मोडेम
काका, प्लग ओढलात ते शंभर नंबरी केलंत. अँटी-व्हायरस गप्प बसलं कारण ते रिमोटचं अ‍ॅप खोटं नाही, कंपन्यांत रोज वापरतात, आणि ते तुम्ही स्वतःच्या हातानं टाकलंत. चोराला आपणच 'या, बसा, पाणी घ्या' म्हटलं तर वॉचमन काय करणार. पुढच्या वेळी असं पान आलं तर एफ ११ किंवा ऑल्ट आणि एफ ४, नाहीच गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून ब्राउझर बंद. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर ताबडतोब फोन, जितक्या लवकर तितकं बरं. ते रिमोटचं अ‍ॅप काढलंत ना नंतर?

पेन्शनर_७१
काढायचं असतं होय?

जुना_मोडेम
काका!!! आत्ता काढा. मग उत्तर लिहा.

हद्दवाढ_भाग
थोडं अवांतर. मुलगी बारावीत आहे, लॅपटॉपवर काय करते ते मला ऑफिसातून दिसेल असं एखादं सॉफ्टवेअर सुचवा. तिला कळता कामा नये. आणि अँटी-व्हायरसनं पकडता कामा नये.

बाळीवेसचं_माहेर
हद्दवाढ, तुम्ही स्पायवेअरच्याच धाग्यावर येऊन स्पायवेअर मागताय, धन्य. लपवून टाकलं तर ते हेरगिरीच, बापानं केली म्हणून वेगळं नाव नाही पडत. विंडोजचं फॅमिली सेफ्टी आहे, वेळ ठरवता येते, साईट बंद करता येतात, आणि मुलीला माहीत असतं की ते आहे. माझ्या भावानं असं लपवून काहीतरी टाकलं होतं भाचीच्या मशीनवर, त्या सॉफ्टवेअरनं घरातल्या सगळ्यांचेच पासवर्ड टिपून ठेवलेले, वहिनीच्या बँकेचापण. ते कुठल्या सर्व्हरला जात होते देव जाणे.

हद्दवाढ_भाग
पासवर्डचं लक्षात आलं नव्हतं. बघतो बोलून तिच्याशी.

जकार्डवाला
मूळ मुद्द्यावर या. शेंगाचटणी गायब झाले काय? पाचशे देऊन फॉरमॅट मारला वाटतं.

पेन्शनर_७१
काढलं. नातवानं काढून दिलं. त्याच्याकडूनच आणखी एक गंमत शिकलो, आयकार नावाची ६८ अक्षरांची एक ओळ असते, निरुपद्रवी, पण सगळे अँटी-व्हायरस तिला मुद्दाम व्हायरस समजतात. ती नोटपॅडात चिकटवून सेव्ह केली की पहारेकरी जागा आहे का कळतं. आमचा जागा निघाला, लगेच ओरडला. समाधान वाटलं. फोनवरच्या नम्र माणसालापण असाच ओरडला असता तर बरं झालं असतं.

शेंगाचटणी
गायब नाही ओ, मार्चएण्ड. काल रविवारी बसलो तंगडी पसरून.

मोडेमसाहेब, तुमचं तंतोतंत. नोटिफिकेशन्सच्या 'अलाऊड' यादीत अकरा साईट होत्या, एकही ओळखीची नाही. अकराही उडवल्या, चौकोन बंद. पंधरा दिवसांचा त्रास दोन मिनिटांत गेला, मला आनंद व्हायला हवा होता पण रागच आला.

मग एक्स्टेन्शन. एक अनोळखी होतं, फाईल कन्व्हर्टर अशा नावाचं, आणि काढायचं बटण मेलेलं. तळाला ते ऑर्गनायझेशनपण होतं. डिफेंडरचा ऑफलाईन स्कॅन लावला, मशीन बंद होऊन निळ्या पडद्यावर पंधरा-वीस मिनिटं चाललं, काही सापडलं नाही. मग मालवेअरबाईट्सचं अ‍ॅडव्हक्लीनर उतरवलं, त्याच्याच साईटवरून, दुसरीकडून नाही. त्यानं ती पॉलिसी आणि एक्स्टेन्शन दोन्ही धरलं. रीस्टार्ट, गूगल परत आलं.

आता खरी गंमत. ते नेमकं कधी आलं ते बघायला हिस्टरी आणि डाउनलोडची यादी काढली. तारीख १२, रात्री ११:४०. चिरंजीव त्या दिवशी आत्याकडे पंढरपूरला होते. सौ. दहाला झोपते. त्या रात्री मी आमच्या सोसायटीचं जुनं पत्र, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं, युनिकोडमध्ये बदलायला 'फ्री मराठी फॉन्ट कन्व्हर्टर' शोधत बसलो होतो. पानभर हिरवी डाउनलोडची बटणं, त्यातलं सगळ्यात मोठं दाबलं. इन्स्टॉल होताना नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. 'मी रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' असं एक पान आलेलंपण आठवलं. सिद्ध केलं मी.

पोराला सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त हिस्टरीचा स्क्रीनशॉट काढून आत्याच्या ग्रुपवर टाकला.

स्क्रूड्रायव्हर
अशा फुकट इन्स्टॉलरच्या पोटातलं बरंचसं अडवायचं एक बटण आहे. विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, तिथं रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, त्यात 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू करा, दोन्ही खुणा. पैसे भरलेल्या अँटी-व्हायरसमध्येपण असं काहीतरी असतंच, पण कित्येकांत ते मुद्दाम चालू करावं लागतं, त्यांनापण 'आय अ‍ॅग्री'वाल्यांच्या नोटिशींची भीती असते. आणि दादा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. वर्षभराच्या जादा अपडेटची नोंदणी केली नसेल तर ती आधी करा. दारं उघडी असताना पहारेकरी कितीही भारी असला तरी किती पळणार.

शेंगाचटणी
नोंदणी आजच करतो. आणि लायसनचे अजून दोन वर्ष सहा महिने शिल्लक आहेत त्याचं काय करू? ठेवू का डिफेंडरवर जाऊ?

स्क्रूड्रायव्हर
पैसे गेलेत तर राहू द्या, वाईट नाही ते. फक्त दोन्ही एकदम राखणीला उभे करू नका, एकमेकांच्या फायली अडवत बसतात आणि मशीन बैलगाडी होते. संपलं की रिन्यू करू नका. दुकानदाराला माझं नाव सांगू नका.

कडकभाकरी
म्हणजे पाचशे वाचले. त्यात पार्क चौपाटीवर पोराला घेऊन जा, मानहानीची भरपाई.

शेंगाचटणी
पाचशेत भागत नाही म्हणतोय. हेडफोन मागितलेत.

पेन्शनर_७१
अभिनंदन. मला एक शंका आहे. आत्ता हे सगळं वाचत असताना वरच्या बाजूला एक पट्टी आलीय, खाली दोन बटणं, 'अलाऊ' आणि 'ब्लॉक'. कुठलं दाबू?

बाळीवेसचं_माहेर
काका, नातवाला बोलवा.